ट्युडर घर विकायला काढण्यापूर्वी: एजंट, सर्व्हेअर आणि बँकांना खुलं पत्र

इंग्लंडच्या खेड्यापाड्यांतली जुनी घरं विकणारे इस्टेट एजंट, त्या घरांची पाहणी करणारे सर्व्हेअर आणि त्यांवर कर्ज देणाऱ्या बँका यांना,

सादर नमस्कार.

हिवाळा सरला की तुमच्या जाहिराती झळकू लागतात. सोळाव्या शतकातलं ट्युडर मॅनर हाउस (जमीनदाराचा वाडा), भोवती खंदक, माणूस आत उभा राहील एवढी चूल, ओकच्या उघड्या तुळया. फोटोत लाकडी चौकट काळीभोर आणि मधल्या भिंती पांढऱ्याशुभ्र. हे दोन्ही रंग बहुतेक वेळा जाहिरातीच्या महिना-दोन महिने आधीच चढवलेले असतात, आणि ते चढवायचा सल्ला तुमच्याकडूनच आलेला असतो.

आम्ही अशा घरांची पाहणी आणि दुरुस्ती करणारी मराठी मंडळी. याच चौकटींवर, याच चुन्यावर आमचं पोट आहे आणि आमचा जीवही आहे, म्हणून गप्प बसवत नाही. चारशे-पाचशे हिवाळे सोसलेल्या घराचं सर्वांत जास्त नुकसान होतं ते विक्रीच्या आधीच्या सहा महिन्यांत आणि नंतरच्या वर्षभरात. आधी ते गिऱ्हाइकाला दाखवण्याजोगं केलं जातं, मग कर्ज मंजूर व्हावं म्हणून ‘दुरुस्त’ केलं जातं, आणि दोन्ही खेपेला जे हातून होतं ते घराच्या मुळावर येतं. पत्र मराठीत आहे, कारण ही घरं बघायला येणाऱ्यांत आता आपली मराठी कुटुंबंही दिसतात. कोकणातल्या कुडाच्या भिंती ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना इथली भिंत समजायला वेळ लागत नाही. ती तशी आहे एवढंच त्यांना कोणी सांगत नाही.

तर आधी ही वस्तू काय आहे ते नीट सांगतो. ट्युडर काळ म्हणजे ट्युडर घराण्याची राजवट, १४८५ ते १६०३. लाकडी चौकटीच्या घरासाठी ओक तोडून ओला असतानाच घडवत. सुतार आपल्या आवारात चौकट जमिनीवर आडवी मांडून जुळवी, प्रत्येक सांध्यावर रोमन आकड्यांसारख्या खुणा कोरी, मग ती सुटी करून जागेवर नेऊन उभी करी. एका लाकडाच्या खाचेत दुसऱ्याच्या टोकाची जीभ, म्हणजे कुसू, बसवून ओकच्या खुंट्या ठोकत, लोखंडी खिळा जवळपास नाहीच. खांबांच्या मधल्या चौकोनांत ओकच्या उभ्या पट्ट्या, त्यांत विणलेल्या हेझल झुडपाच्या कामट्या, त्यावर चिकणमाती, काड आणि शेण यांचा लेप, वर केस मिसळलेल्या चुन्याचा गिलावा आणि चुन्याचे पातळ हात. सगळी चौकट जमिनीलगतच्या एका आडव्या तुळईवर उभी, आणि ती तुळई वीटदगडाच्या बुटक्या जोत्यावर. ओल रोखणारा थर जोत्यात नाही. भिंतीत पाणी शिरतं आणि वाऱ्याउन्हाने निघूनही जातं, यावरच हे घर टिकतं. विटांच्या ट्युडर घरांचंही तसंच: जेमतेम दोन इंच जाडीच्या विटा, मऊ चुन्यात बसवलेल्या, आणि ओल बाहेर पडते ती सांध्यांतल्या चुन्यातून.

आमची पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार सिमेंटची आणि प्लॅस्टिक रंगाची आहे. विक्रीआधी मालक विचारतात, ‘कुठे कुठे पोपडे निघालेत, काय करू?’ तुम्ही सांगता, ‘एक हात मारून घ्या.’ मग चौकोनांतल्या भेगा सिमेंटने बुजतात, वर बाहेरचा प्लॅस्टिक रंग बसतो. ओक ऋतूप्रमाणे फुगतो आणि आकसतो, सिमेंट हलत नाही. पहिल्याच वर्षात लाकूड आणि गिलावा यांच्यामध्ये केसाएवढी फट पडते. वाऱ्याने मारलेला पाऊस त्या फटीतून आत जातो. बाहेर पडायची वाट सिमेंटने आणि रंगाने बंद केलेली, म्हणून पाणी चौकोनाच्या तळाशी साचतं, तिथून खालच्या आडव्या तुळईत मुरतं. लाकडातली ओल २० टक्क्यांच्या वर राहू लागली की बुरशीला वाव मिळतो. सर्वांत आधी कुजतं ते खांबाचं कुसू, म्हणजे जे बाहेरून दिसतच नाही ते. बाहेरून लाकूड धडधाकट, आणि सांध्यापाशी स्क्रूड्रायव्हर दाबला तर पातं दोन इंच आत जातं. आत ओल्या केकसारखा तपकिरी चुरा.

याची दुरुस्ती करायची तर वरची तुळई टेकूंवर तोलायची, दोन्ही बाजूंचे चौकोन मोकळे करायचे, खांबाचा कुजलेला पाय निरोगी लाकडापर्यंत कापायचा, तिरप्या लपेटीचा सांधा करून नवा ओक जोडायचा, खालच्या तुळईचा तेवढा तुकडा बदलायचा आणि मग कूड, माती, गिलावा हे सगळं पुन्हा. एका कोपऱ्यासाठी कुशल सुताराचे आठवडे जातात. त्याऐवजी विक्रीआधी चुन्याचे हात दिले असते तर? मुरवलेला चुना दुधाइतका पातळ करायचा, भिंत आधी पाण्याने ओलावायची, चार ते पाच हात द्यायचे, दोन हातांमध्ये किमान एक दिवस. पाच अंशांखाली तापमान असेल किंवा रात्री दहिवर गोठणार असेल तर काम करायचं नाही, म्हणजे हे काम एप्रिल ते सप्टेंबरमधलं. पहिला हात पारदर्शक दिसतो आणि लोक घाबरून दाट चुना फासतात, तो मग पापुद्रे होऊन सुटतो. चुन्याचं साहित्य प्लॅस्टिक रंगापेक्षा स्वस्त आहे. लागते ती सवड, आणि विक्रीची घाई तीच सवड खाते.

काळ्या रंगाचंही सांगतो. लाकूड काळं आणि भिंत पांढरी हा थाट बऱ्याच अंशी एकोणिसाव्या शतकाच्या आवडीतून आलेला आहे. केंट, ससेक्स, सफोक भागात ओक तसाच सोडत किंवा भिंतीबरोबर त्यावरही चुना फिरवत, तो रुपेरी करडा होई. आज लावतात तो डांबरी किंवा प्लॅस्टिक काळा रंग तुळयांच्या टोकांवर पापुद्रा धरतो, आतली ओल आतच ठेवतो. पुढे कोणी तो काढायला वाळूचा फवारा मारला की सुताराच्या कोरलेल्या खुणा, रंध्याच्या आणि कुऱ्हाडीच्या रेषा सगळ्या जातात. त्या परत आणता येत नाहीत.

दुसरी तक्रार सर्व्हेअर आणि बँकांकडे, ओल मोजण्याच्या पद्धतीबद्दल. दोन टाचण्यांचं जे मीटर तुम्ही भिंतीत खुपसता, ते विजेचा रोध मोजतं आणि त्याची मापं लाकडासाठी बसवलेली असतात. गिलाव्यात क्षार असले तर कोरड्या भिंतीवरही काटा लाल पट्ट्यात जातो. जुन्या चुलीमागे तर काजळीचे क्षार शतकानुशतकं साचलेले असतात. अहवालात मात्र लिहिलं जातं, ‘जमिनीतून चढणारी ओल, तज्ज्ञ कंपनीकडून तपासून घ्यावी.’ ती कंपनी ओल अडवायला भिंतीत रसायनं टोचण्याचा धंदा करते आणि पाहणी फुकट करते. तिने काय सांगावं अशी अपेक्षा आहे? बँक त्या कामाच्या खर्चाएवढे पैसे कर्जातून अडकवून ठेवते, आणि खरेदीदार नाइलाजाने जोत्यात दर दहा-बारा सेंटिमीटरवर भोकं पाडून घेतो, आतून मीटरभर उंचीपर्यंत सिमेंटचा गिलावा करून घेतो. मधे मुरूम आणि दगड भरलेल्या जाड भिंतीत रसायनाचा सलग थर बसतच नाही. पाणी तिथेच राहतं, फक्त गिलाव्याआड दिसेनासं होतं किंवा वर चढून पहिल्या मजल्याच्या तुळयांच्या टोकांपाशी पोचतं.

खरी कारणं बहुधा घराबाहेर फावडं घेऊन गेल्यावर सापडतात. फुलझाडांचे वाफे आणि फरसबंदी चढत चढत आडव्या तुळईला टेकलेली असते. जमीन तुळईच्या किमान १५० ते २०० मिलिमीटर खाली हवी. पन्हळ सडकी पानं खाऊन तुंबलेली असते, पाणी भिंतीवरून ओघळतं. मागच्या पन्नास वर्षांत कोणीतरी दगडी फरशी काढून खाली प्लॅस्टिक टाकून काँक्रीट ओतलेलं असतं, त्यामुळे जमिनीतली ओल कडेने भिंतीत ढकलली जाते. बंद केलेल्या धुराड्याला वर टोपी घालतात पण हवेला वाट ठेवत नाहीत. हे सगळं दुरुस्त केल्यावरही भिंत लगेच कोरडी होत नाही. ढोबळ हिशेब असा की भिंतीच्या जाडीतला एक इंच वाळायला एक महिना लागतो. अठरा इंचांची भिंत म्हणजे दीड वर्ष. तेवढा धीर कर्जाच्या अटींत कुठेच नसतो.

रॉयल इन्स्टिट्यूशन ऑफ चार्टर्ड सर्व्हेअर्स, वारसा जपणारी सरकारी संस्था हिस्टॉरिक इंग्लंड आणि ओल-दुरुस्ती कंपन्यांची संघटना प्रॉपर्टी केअर असोसिएशन यांनी २०२२ मध्ये जुन्या इमारतींतल्या ओलीबद्दल एकत्र निवेदन काढलं. आधी इमारत समजून घ्या, ओलीचं कारण शोधा, मग उपाय सुचवा, हा त्याचा गाभा. सर्व्हेअरांच्या स्वतःच्या संस्थेने हे मान्य केल्यावर अहवालात तीच छापील वाक्यं का येत राहतात?

किडीचंही असंच होतं, ते थोडक्यात सांगतो. ओकमध्ये तीन मिलिमीटरची गोल भोकं दिसली म्हणजे डेथवॉच बीटल हा लाकूड पोखरणारा मोठा भुंगेरा, दीड-दोन मिलिमीटरची असतील तर साधा भुंगेरा. पण भोक म्हणजे कीड बाहेर पडून गेल्याची खूण, ती दोनशे वर्षांपूर्वीचीही असेल. मार्चमध्ये भोकांवर पातळ कागद चिकटवा आणि जूनअखेर बघा. कागदाला नवं भोक पडलं तरच कीड जिवंत. डेथवॉचला बुरशीने मऊ केलेलं लाकूड लागतं, म्हणजे गळती थांबवली आणि लाकूड वाळलं की तिचं आयुष्य सरत आलं. फवारणी लाकडात काही मिलिमीटरच जाते, अळी गाभ्यात वर्षानुवर्षं खोल असते. औषधाने मरतात ते भुंगेरे खाणारे कोळी. तरीही ‘संपूर्ण घराची फवारणी आणि हमीपत्र’ ही अट आम्ही वारंवार वाचतो.

आणि तिरक्या फरशीला घाबरणं थांबवा. चेशरमधलं लिटल मोरटन हॉल बघा. वरच्या मजल्यावर लांबलचक गॅलरी चढवली, तिच्यावर दगडी फरश्यांचं जड छप्पर. त्या ओझ्याने खालची चौकट वाकली, आणि वाकलेली ती अजून उभी आहे. ओला ओक वाळताना पीळ घेतो, हे त्याचं वागणंच आहे. चौकट आजही हलते आहे का, हा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर भेगेवर खुणेच्या पट्ट्या लावून चारही ऋतू मोजल्यावर मिळतं. एका दुपारच्या भेटीत ‘इमारतीची हालचाल’ लिहून मोकळं होण्याने ते मिळत नाही.

तिसरी तक्रार कागदपत्रांची. १७०० पूर्वीची, बऱ्यापैकी मूळ रूपात राहिलेली इमारत इंग्लंडमध्ये वारसा यादीत असतेच असं धरून चालावं. जाहिरातीत ‘ग्रेड टू लिस्टेड’ हे शब्द बिल्ल्यासारखे येतात. त्यांचा अर्थ असा: आतलं आणि बाहेरचं दोन्ही संरक्षित, सर्वांत खालच्या श्रेणीतही. आवारातली १ जुलै १९४८ पूर्वीची कोठारं आणि भिंतीही बहुधा त्यातच. मंजुरीशिवाय फेरफार करणं १९९० च्या कायद्याने गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा अमर्याद दंड होऊ शकतो, आणि ते काम पूर्ववत करायची नोटीस निघायला कसलीही मुदत नाही. ती नोटीस बजावली जाते आजच्या मालकावर. तीस वर्षांपूर्वीच्या मालकाने भिंत पाडून स्वयंपाकघर मोठं केलं असेल, तर ते पूर्ववत करायचा खर्च काल किल्ली घेतलेल्या कुटुंबाच्या गळ्यात. आणि मुंबई-पुण्याहून आलेल्या माणसाला हे सुचणारच नाही, कारण तिथे असा अनुभव त्याला क्वचितच आलेला असतो.

सांगायच्या राहून जाणाऱ्या गोष्टी आणखीही आहेत. सेप्टिक टँकचं पाणी थेट ओढ्यात, चरात किंवा खंदकात सोडणं इंग्लंडमध्ये १ जानेवारी २०२० पासून चालत नाही, आणि खंदकाच्या घरात ते नेमकं कुठे जातं हे तपासायलाच हवं. छपरात वटवाघळं असतील तर त्यांची बाहेर उडतानाची पाहणी साधारण मे ते सप्टेंबरमध्येच होते; ती वेळ हुकली की कौलांचं काम वर्षभर लांबतं. जवळच्या चर्चच्या वेदीकडच्या भागाच्या दुरुस्तीचा भार जमिनीवर नोंदलेला आहे का, तेही पाहावं लागतं. ‘मॅनर’ विकत घेतलं म्हणजे लॉर्ड ऑफ द मॅनर ही पदवी मिळते असंही नाही, ती मालमत्ता वेगळी असते. आणि ‘ट्युडर’ हा शब्द कशावरून लिहिलात? दोन महायुद्धांच्या मधल्या काळात ट्युडर धाटणीची घरं हजारोंनी बांधली गेली. लाकडाच्या कड्या मोजून झाड कधी तोडलं ते काढता येतं, विशेषतः सालीजवळचं कोवळं लाकूड शिल्लक असेल तर अगदी वर्षापर्यंत. तशी तपासणी झाली नसेल तर जाहिरातीत तसं लिहा.

विक्रीच्या वळणावर ही घरं याआधीही हरवली आहेत. लँकेशरमधलं अ‍ॅगेक्रॉफ्ट हॉल १९२५ मध्ये लिलावात निघालं, एका अमेरिकन गिऱ्हाइकाने ते सुटं करून पेट्यांत भरून नेलं, आणि आज ते व्हर्जिनियातल्या रिचमंड शहरात उभं आहे. केंटमधलं इटम मोट, मूळ चौदाव्या शतकातलं आणि ट्युडर काळात वाढवलेलं, १९५१ मध्ये विक्रीला आलं तेव्हा पाडून टाकण्याच्या बेतात होतं. गावातल्या तीन व्यावसायिकांनी ते घेऊन तगवून धरलं, १९५३ मध्ये चार्ल्स हेन्री रॉबिन्सन यांनी विकत घेतलं, आणि १९८५ मध्ये ते नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे गेलं. पुढे १९८९ ते २००४ चाललेल्या दुरुस्तीला सुमारे एक कोटी पौंड लागले. घर पेटीत भरून न्यायला आता कायदा आडवा येतो. सिमेंटच्या एका पोत्याला मात्र व्यवहारात कोणी अडवत नाही.

आमच्या मागण्या पुढीलप्रमाणे.

एजंटांनी घर जाहिरातीत टाकण्याआधी त्याची फाइल तयार ठेवावी: यादीत नाव आल्यापासून झालेलं प्रत्येक काम आणि त्याच्या मंजुरीचा क्रमांक, मंजुरी नसेल तर तसं स्पष्ट, कोणत्या भिंतीवर चुना आणि कोणत्या भिंतीवर सिमेंट, चारही बाजूंच्या खालच्या तुळईचे जवळून काढलेले फोटो, माळ्याचे फोटो, सांडपाणी कुठे जातं त्याचा नकाशा. ६ एप्रिल २०२५ पासून लागू झालेल्या ग्राहक संरक्षणाच्या तरतुदींनुसार खरेदीदाराच्या निर्णयावर परिणाम करणारी माहिती वगळणं हा अनुचित व्यवहार ठरतो. वरची प्रत्येक गोष्ट त्यात बसते असं आम्ही मानतो. मालकाने विक्रीआधी किती खर्च करावा असं विचारलं, तर पन्हळ साफ करा, फुटकी कौलं बदला, जोत्यालगतची माती उतरवा एवढंच सांगा. रंगाला हात लावू नका.

सर्व्हेअरांनी अशा घरासाठी आपल्या संस्थेच्या वर्गवारीतली तिसऱ्या पातळीचीच सविस्तर पाहणी करावी, दुसऱ्या पातळीची घेऊ नये. मीटरचा आकडा एकटा छापू नये. जमिनीची पातळी, पन्हळ, फरशी आणि गिलाव्याचा प्रकार त्याच पानावर लिहावा, आणि शंका असेल तर भिंतीच्या आतला नमुना घेऊन ओल वजनाने मोजावी. ज्यांना लाकडी चौकटीचा अनुभव नाही त्यांनी काम दुसऱ्याकडे सोपवावं. संवर्धनाची वेगळी मान्यता मिळवलेले सर्व्हेअर या देशात आहेत.

बँकांनी रसायन टोचण्याची आणि सरसकट फवारणीची अट कर्जपत्रातून काढून टाकावी. त्याजागी ‘कारण शोधून दूर केल्याचा संवर्धन-सर्व्हेअरचा दाखला’ मागावा आणि भिंत वाळायला किमान अठरा महिन्यांची मुदत द्यावी. मग तुमच्याच अटीपायी घराचं मूल्य घसरणार नाही.

एक मागणी ब्रिटनच्या अर्थखात्याकडे. नव्या घराच्या बांधकामावर व्हॅट शून्य, आणि राहत्या जुन्या घराच्या दुरुस्तीवर २० टक्के. १ ऑक्टोबर २०१२ पर्यंत यादीतल्या घरांतल्या मंजूर फेरफारांना तरी शून्य दर होता, दुरुस्तीला तो तेव्हाही नव्हता. नंतर फेरफारांचा गेला आणि दुरुस्ती जिथे होती तिथेच राहिली. घर दोन वर्षं ओसाड ठेवलं तर त्याच्या दुरुस्तीवर ५ टक्के लागतो. म्हणजे जो घरात राहून वेळच्या वेळी कौल बदलतो त्याने चौपट कर भरायचा. उष्णता अडवणाऱ्या साहित्याच्या कामाला मात्र ३१ मार्च २०२७ पर्यंत शून्य दर आहे. पण अशाच साहित्यातला, छपराच्या आतून फवारलेला फोम ओकच्या वाशांभोवतीची हवा कोंडतो, वाशांची अवस्था झाकून टाकतो, आणि तो फोम दिसला की अनेक बँका त्याच घराला कर्ज नाकारतात. यादीतल्या घरांच्या दुरुस्तीचा दर ५ टक्क्यांवर आणावा, निदान चुना, ओक, हातची कौलं आणि शिसं यांच्या कामापुरता.

फाइलचा नमुना, तुळईचे फोटो कुठून आणि कसे काढायचे याची यादी, आणि पाहणीचा तक्ता आम्ही मागेल त्या एजंटाला विनामूल्य देऊ. यातली जी मागणी मान्य नसेल ती का मान्य नाही, हे तुम्ही या पत्राइतकंच जाहीरपणे कळवावं, ही विनंती.

आपले,
जुन्या लाकडी घरांच्या पाहणी-दुरुस्तीत काम करणारे इंग्लंडमधील मराठी भाषक